व्याहीजींचा सर्व्हर

नवी वस्तू दारात आली की ज्याचा चेहरा सुतकी होतो असा माणूस अख्ख्या माळव्यात शोधून सापडायचा नाही, आणि एक सापडला तो नेमका माझा व्याही निघाला. लोक नवा फ्रीज आला की पेढे वाटतात. हे गृहस्थ जुना फ्रीज टेम्पोत चढताना फाटकाशी उभे राहिले, टेम्पो वळेपर्यंत बघत राहिले, मग आत येऊन नव्या फ्रीजला म्हणाले, "हाँ, देखते हैं तुम कितने दिन टिकते हो." विहीणबाई सांगतात, त्यातलं पाणी यांनी कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही, ओळख नाही म्हणून! इंदूरच्या सुदामा नगरातल्या त्यांच्या घरात पंखा असा आहे की तो चालू असला तर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि बंद केला तर घामाने ऐकवत नाही. तो बदला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "चल रिया है ना भिया? मग कशाला छेडायचं त्याला?" फोनवर अपडेटची सूचना आली की ते फोन पालथा घालतात. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "व्याहीजी, जो माणूस रोज दारात येऊन म्हणतो की मी तुमच्यात सुधारणा करतो, त्याला घरात घ्यायचं नसतं." मी तसा चटकन चिडणारा माणूस, पण यांच्याशी वाद घालताना मला चिडायलाही उसंत मिळत नाही, ते मधेच चहा सांगतात.

बरं, हा माणूस कुणी कॉम्प्युटरवाला नव्हे. उभी नोकरी सरकारी ट्रेझरीत बिलं तपासण्यात गेली. मुलगा होता तोवर कॉम्प्युटर बंद कसा करतात तेही यांना ठाऊक नव्हतं. सरळ भिंतीवरचं बटण बंद करायचे आणि अनिकेत, म्हणजे त्यांचा मुलगा, माझा जावई, कपाळाला हात लावायचा. "बाबा, अहो त्याला सांगून तरी बंद करा!" "सांगायचं काय त्यात? पंख्याला सांगतो का मी?" आणि आज त्याच माणसाच्या घरात मेलेल्या कॉम्प्युटरांचे अवयव मिळेल त्या भांड्यात भरून ठेवलेले आहेत. एकदा आम्ही जेवायला गेलो होतो. विहीणबाईंनी पापडांचा डबा उघडला, तर आत हार्डडिस्का एकावर एक रचलेल्या. "अहो, पापड कुठं गेले?" बाई ओरडल्या. हे शांतपणे वरणावर सेव घालत म्हणाले, "पापड बाजारात मिळतात. या मिळत नाहीत." त्या दिवशी आम्ही पापडाशिवाय जेवलो.

आता हे मी हसत सांगतोय, पण ही हौस त्यांना कशी लागली ते सांगताना मला हसू येत नाही. आमच्या काही मराठी मंडळींनी चालवलेलं एक लहानसं डायलिसिस सेंटर आहे. बँकेतून रिटायर झाल्यावर मी त्याचा सेक्रेटरी झालो, म्हणजे नळ गळला तरी लोक मला बोलतात. अनिकेत नुकता नोकरीला लागला होता तेव्हा, आमची सोयरीक जुळायच्याही आधी, त्याने या सेंटरला हौसेने एक प्रोग्राम लिहून दिला होता. कुणाची पाळी केव्हा, आल्यावर वजन किती, अंगातलं पाणी किती काढायचं, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सगळं त्यात. त्या काळी जी ऑपरेटिंग सिस्टीम सगळीकडे असायची तिच्यावर तो चालायचा. ती सिस्टीम पुढे तिच्या कंपनीनेही वाऱ्यावर सोडली, पण आमच्याकडे ती आणि तिच्यावरचा तो प्रोग्राम निमूटपणे चालत राहिले. मग अनिकेत आमचा जावई झाला. आणि साथीच्या त्या दुष्ट वर्षी, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी आम्ही दोघे व्याही स्कूटरवर इंदूर पालथं घालत होतो तेव्हा, तिकडे तो गेला. सिलिंडर आम्हाला मिळाला होता. तो परत द्यायलाही आम्ही दोघंच गेलो. मी स्कूटर चालवत होतो आणि ते मागे सिलिंडर कवटाळून बसले होते. दुकानदाराला एवढंच म्हणाले, "भरा है. किसी और को दे दो."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ते सेंटरवर आले आणि मला म्हणाले, "त्याचा प्रोग्राम कोणत्या मशीनवर चालतो ते दाखवा." मी जिन्याखालची कोंदट खोली उघडून दिली. ते स्टूल ओढून त्या मशीनसमोर बसले, आणि माझ्या मते ते अजून तिथून उठलेलेच नाहीत. आधी नुसते बसायचे. मग धूळ पुसायला लागले. मग त्याचा पंखा काढून तेल घालायला लागले. मग इंटरनेटवर कुठल्या कुठल्या देशांतले त्यांच्यासारखेच हट्टी म्हातारे त्यांना भेटले. ते सगळे जुन्या सिस्टीमवर जीव टाकणारे, आणि हे ट्रेझरीच्या इंग्रजीत त्यांना "रिस्पेक्टेड सर" असं लिहायचे. रोज संध्याकाळी घरी जाताना प्रोग्रामची एक नक्कल डिस्कवर घेऊन जायची हा नेम. पावसात भिजू नये म्हणून ती डिस्क ते बनियनच्या आत ठेवायचे. मी म्हटलं, "अहो, पिशवी घ्या." म्हणाले, "पिशवी विसरतो माणूस."

आणि त्या प्रोग्रामात अनिकेत बोलायचा. म्हणजे असं, की तो पोरगा पक्का इंदुरी, त्यामुळे चूक झाली की मशीन जे बोलतं ते त्याने आपल्याच भाषेत लिहून ठेवलं होतं. वजनाचा रकाना रिकामा सोडला की पडद्यावर यायचं, "भिया, वजन तो डालो, अंदाजे से पाणी काढू क्या?" भलताच आकडा टाकला तर, "इतना तो सराफ्यात रोज जेवून पण नाही वाढत!" सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार. नव्या सिस्टरांना पहिले दोन दिवस हसू आवरायचं नाही, पुढे सवय व्हायची. सवय झाली नाही ती एकट्या व्याहीजींना. दुपारी पेशंट खाटांवर पडलेले असायचे, मशीनं घरघरत असायची, आणि हे जिन्याखालच्या खोलीत बसून एक खोटा पेशंट काढायचे, वजन रिकामं सोडायचे आणि बटण दाबायचे. वाक्य यायचं. ते वाचायचे. मग पुन्हा रिकामं सोडायचे. मी दारातून पाहिलं आणि आवाज न करता मागे फिरलो, दुसरं काय करणार होतो?

पण या माणसाला नुसता हट्टी म्हणून मोकळं होता येत नाही. मुग्धाच्या, माझ्या मुलीच्या, दुसऱ्या लग्नाचा विषय काढायची माझी छाती होत नव्हती. बापाने कसा काढायचा, आणि कुणापुढे काढायचा? काढला तो यांनी. एका सकाळी पोह्यांची पुडी घेऊन आले आणि बसायच्या आतच म्हणाले, "व्याहीजी, पोरीने दोन म्हाताऱ्यांचा चहा करत जन्म काढायचा का? फालतू बात. मुलगा बघा, नाही तर मी बघतो." आणि खरोखर त्यांनीच बघितला. त्या भल्या माणसाच्या घरी स्वतः गेले, त्याची खोदून खोदून चौकशी केली, जणू बिलच तपासतायत. लग्नात मुलीच्या बाजूने पाहुण्यांना या बसा म्हणायला दारात उभे. माझ्या नव्या व्याह्यांशी ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा माझी जीभ जड झाली, तर यांनीच हात पुढे केला, "मैं इनका पुराना व्याही." सगळे खाली बघायला लागले. हे मात्र जिलेबी वाढायला निघून गेले. सुनेला नवं घर स्वतः शोधून देणारा हा बाप मुलाच्या प्रोग्रामला मात्र नवी सिस्टीम द्यायला तयार नव्हता! मुग्धा एकदा भरल्या डोळ्यांनी मला म्हणाली, "बाबांनी मला किती सहज जाऊ दिलं, आणि त्या डब्याला धरून बसलेत." बाबा म्हणजे हेच, ती अजून त्यांना बाबाच म्हणते. मला वाटतं, सहज वगैरे काही नव्हतं. कुठंतरी मूठ सोडायची म्हणजे दुसरीकडे ती आवळावी लागत असेल.

तर झालं असं, की जिन्याखालचं ते मशीन धापा टाकायला लागलं आणि एका देणगीदाराने सेंटरला नवाकोरा सर्व्हर दिला. व्याहीजींचा चेहरा अर्थातच पडला. पण शिस्त म्हणजे शिस्त. नवी गाडी घेतली की आपण खजराण्याला गणपतीपुढे नेतो, तसा त्यांनी तो सर्व्हर रिक्षात घालून नेला. मी बरोबर. पुजारी म्हणाले, "गाडी किधर है?" यांनी दोन्ही हातांवर तोललेलं ते धूड पुढे केलं, "ये रही." पुजाऱ्यांनी क्षणभर विचार केला, मग कुंकवाने त्यावर स्वस्तिक काढलं आणि अक्षता टाकल्या. त्यातल्या काही हवेच्या जाळीतून आत गेल्या, त्या पुढे अनेक दिवस आत खुळखुळत होत्या. परत येऊन यांनी ते मशीन खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर. मी तडकलो, "अहो, लोणचं आहे का मुरत घालायला?" म्हणाले, "जुनं चल रिया है ना?"

एका शनिवारी जुनं बंद पडलं, ते कायमचं. त्यांनी उलटसुलट सगळं करून पाहिलं, पंखा नाही, दिवा नाही. मग त्यावर फडकं पांघरलं, घरी गेले आणि विहीणबाईंना म्हणाले, पाणी काढा, आंघोळ करूनच आत येतो. त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. एक तरुण विक्रेता तयार सॉफ्टवेअर घेऊन आला होता, चुणचुणीत पोरगा, चांगला होता. त्यानेच मधला मार्गही सुचवला. "अंकलजी, नई सिस्टीम डालो, आणि तिच्या आत तुमची जुनी चालवा. सगळे असंच करतात." व्याहीजी ताठ झाले. "म्हणजे पोटभाडेकरू! आणि मालक उद्या म्हणाला खाली करा, तर? माझ्या मुलाचं काम स्वतःच्या घरात राहील." पोरगा माझ्याकडे बघायला लागला. कमिटीतले सगळेच माझ्याकडे बघायला लागले. डायलिसिसचा पेशंट काही थांबू शकत नाही, त्याची पाळी चुकली तर त्याच्या जिवावर बेततं. मी म्हटलं, "व्याहीजी, सोमवारी सकाळी पहिला पेशंट येईपर्यंत तुमचं जुनं या नव्या मशीनवर चाललं तर तेच ठेवू. नाही चाललं तर हे नवं घ्यायचं, आणि अनिकेतचा प्रोग्राम बंद." हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले देव जाणे. ते म्हणाले, "हाँ. वाजवी आहे." एवढंच, आणि खोकं कपाटावरून काढायला उठले.

रविवारी सेंटर बंद, तो दिवस त्यांनी आणि मी त्या खोलीत काढला. जुनी सिस्टीम आणि नवं मशीन यांचं काही केल्या जमेना. सीडी घातली की सिस्टीम निळा पडदा दाखवून म्हणायची, करार मान्य असेल तर अमुक बटण दाबा. बटण दाबावं तर नव्या मशीनचा कीबोर्ड तिला दिसतच नव्हता! आता आली का पंचाईत? मान्य आहे, मान्य आहे असं आम्ही दोघं ओरडून सांगायला तयार होतो, पण ऐकणार कोण. शेवटी पापडाच्या डब्यातून एक जुनं कार्ड आलं, ते मशीनच्या पोटात बसवलं, त्याला कीबोर्ड जोडला, तेव्हा करार मान्य झाला. मग पुढचा पडदा. सिस्टीम म्हणे, या मशीनला डिस्कच नाही. डिस्क समोर धडधडीत बसलेली, पण ती पडली नव्या पद्धतीची, आणि जुनीला तिची ओळख नाही. ओळख करून देणारी फाइल, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ती दूरदेशीच्या एका रिस्पेक्टेड सरांनी पाठवली होती. ती दिली तरी नन्नाच. संध्याकाळ झाली तशी मी म्हटलं, "व्याहीजी, पुरे आता." पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले, हात गुडघ्यांवर, चष्मा नाकावर घसरलेला. मग सावकाश उठले, दिवा बंद केला आणि मशीनला न सांगता भिंतीवरचं बटणही बंद केलं.

सोमवारी उजाडता उजाडता त्यांचा फोन. "चला. कळलं कुठं अडतंय." मी चहा अर्धा टाकून गेलो. ते माझ्याआधी पोचले होते. म्हणाले, "फाइल बरोबर आहे, पण तिच्यावर कंपनीची सही असते, तिची मुदत कधीच संपली. मशीनच्या घड्याळात आजची तारीख दिसते, म्हणून ते सही मानत नाही. ट्रेझरीत मी तेच करायचो, मुदतीबाहेरचं बिल परत. घड्याळ मागे नेलं की झालं, सिस्टीम एकदा बसली की मग सही कुणी बघत नाही." एवढं बोलून त्यांनी घड्याळाचा पडदा उघडला, जुनं वर्ष टाकलं, महिना टाकला, दिवस टाकला. सहीची मुदत होती तेव्हाची कुठलीही तारीख चालली असती. मला वाटलं, अनिकेतचा वाढदिवस असेल, पण तो नव्हता. काही सणवारही नव्हता. मी विचारलं, "हीच का?"

"अशीच. उचलली कुठलीतरी."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"काही नाही," ते म्हणाले. "आठवतच नाही. व्याहीजी, ज्या तारखा आठवतात ना, त्या सगळ्यांना काही ना काही झालेलं असतं. ही कोरी आहे. या दिवशी तो ऑफिसला गेला असेल, संध्याकाळी येऊन आईला म्हणाला असेल, भूक लागली. वरणभात जेवला असेल. बस."

सिस्टीमने सही मानली, डिस्क ओळखली, आणि पडद्यावर टक्के चढायला लागले. आम्ही दोघं ते चढताना बघत बसलो. सिस्टीम बसली. त्यांनी बनियनमधून डिस्क काढली आणि अनिकेतचा प्रोग्राम त्यावर चढवला. तो पहिल्या झटक्यात उघडला, सगळे पेशंट आपापल्या जागी. "चाललं!" मी ओरडलोच, मला राहवलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे तीच तारीख होती, आणि तिच्याशेजारी घड्याळ त्या जुन्या दिवसातली मिनिटं एकेक करून पुढे नेत होतं.

सिस्टरने दारातून डोकं आत घातलं. "काकाजी, गौतमपुरेवाले आ गए, पहिल्याच बसने. वजन घेऊ का?"

"दो मिनिट," ते म्हणाले.

सिस्टर गेली. ते हलले नाहीत. बाहेर बाकावर तो पेशंट बसला होता, पाय सुजलेले, चपला काढून ठेवलेल्या, आणि त्याला धाप लागलेली मला इथवर ऐकू येत होती. शेवटी मी हळूच म्हटलं, "मी बदलू का तारीख? तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

"नको." मग पडद्याकडे बघतच, "याचं आजचं वजन त्या दिवसात लिहिलं गेलं, तर मागच्या पाळीशी मेळ बसणार नाही, पाणी किती काढायचं ते चुकेल. तो मरेल." हे त्यांनी मला सांगितलं नाही, स्वतःलाच सांगितलं. मग कीबोर्ड जवळ ओढला आणि एका बोटाने, एकेक आकडा बघून, आजचा दिवस टाकला, महिना टाकला, वर्ष टाकलं. बटण दाबायच्या आधी त्यांचा हात थांबला आणि त्यांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, लहान मुलाच्या गालाला लावावं तसं. मला रडू आलं म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. बटणाचा आवाज मी ऐकला.

मी वळलो तेव्हा ते चष्मा पुसत होते. तो नीट डोळ्यांवर चढवून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाँ सिस्टर, भेजो." पेशंट भिंतीला धरत धरत आत आला आणि दाराशेजारच्या वजनकाट्यावर उभा राहिला. व्याहीजींनी आकडा वाचला, पुन्हा एकदा वाकून वाचला, आणि आजच्या तारखेपुढे त्याचं वजन लिहिलं.